काडीकचरा, हायड्रोजन आणि उत्प्रेरक



ठाणे-बेलापूर रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्यास रसायने वाहून नेणाऱ्या टँकरांचे नवल वाटत नाही. टाकीवर धोक्याची सूचना रंगवलेली असते आणि तिच्या खाली आतील द्रवाचे नाव असते. त्या नावांत टोल्युइन हे नाव वरचेवर आढळते. रंग, औषधे, कीटकनाशके अशा अनेक उद्योगांत विद्रावक म्हणून हा द्रव वापरला जातो, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या अंगचा दुसरा गुण मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. टोल्युइनला हायड्रोजन पाजता येतो. तो पोटात घेऊन हा द्रव साध्या टँकरमधून कोठेही नेता येतो आणि मुक्कामी पोचल्यावर त्यातून हायड्रोजन परत काढून घेता येतो. पाजण्याचे आणि काढून घेण्याचे हे काम जो पदार्थ घडवून आणतो, त्याला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

हायड्रोजनची साठवण आणि शेतातील काडीकचऱ्याचे रूपांतर हे दोन विषय अलीकडे वेगवेगळे बोलले जातात. एकाची चर्चा ऊर्जा खात्यात होते, तर दुसऱ्याची कृषी खात्यात. प्रयोगशाळेत मात्र ते एकाच मेजावर येतात, आणि दोहोंचे भवितव्य उत्प्रेरकावर, त्यातही उत्प्रेरकाच्या आयुष्यावर, अवलंबून आहे. महाराष्ट्रातील संशोधन संस्थांनी या कामात जो वाटा उचलला आहे, त्याचा परिचय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. कारण प्रयोगशाळेचे काम संपल्यावर उरलेले अर्धे काम त्यांच्याच दारी येणार आहे.

या विषयाची चर्चा नवी मुंबईत व्हावी, हे एका परीने योग्यच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावर रासायनिक कारखान्यांचा पट्टा उभा राहू लागला. १९६८ मध्ये येथे नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली नोसिल, हिचे नाफ्थावर चालणारे पेट्रोरसायन संकुल सुरू झाले. शहर त्यानंतर आले. सिडकोची स्थापना १९७० ची, आणि तिने ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे नगर वसवले ती बहुतांशी भातशेती आणि मिठागरांची गावे होती. नोसिलचा नाफ्थाचा कारखाना पुढे बंद पडला. खनिज तेलाच्या भावावर आणि कारखान्याच्या आकारमानावर ज्या उद्योगाचा नफा-तोटा ठरतो, त्यात लहान कारखान्याला तग धरणे कठीण असते. परंतु त्या कारखान्याने जे पदार्थ बनवले, त्यांची गरज काही संपलेली नाही. ते पदार्थ जमिनीखालील तेलाऐवजी जमिनीवर दरवर्षी उगवणाऱ्या वनस्पतींपासून बनवता येतील काय, हा प्रश्न जुनाच आहे, आणि आता तो नव्या निकडीने पुढे आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिली अडचण येते ती ऑक्सिजनची. नाफ्था म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. उसाचे चिपाड, कापसाची पऱ्हाटी, तुराट्या, भाताचा पेंढा यांत मात्र वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन असलेला पदार्थ अगोदरच अर्धवट जळलेला असतो, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. म्हणूनच एक किलो लाकूड एक किलो पेट्रोलइतकी उष्णता देत नाही. हा ऑक्सिजन बाहेर काढण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक तर तो कार्बनला बरोबर घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने जातो. मग हाती आलेल्या मालातील कार्बनच घटतो. नाहीतर तो हायड्रोजनला बरोबर घेऊन पाण्याच्या रूपाने जातो. मग हायड्रोजन कोठून तरी आणावा लागतो. जैवभाराच्या, म्हणजे या सर्व वनस्पतिजन्य पदार्थांच्या, रूपांतराचा प्रश्न अशा रीतीने शेवटी हायड्रोजनपाशी येऊन ठेपतो.

उत्प्रेरक ही वस्तू सामान्य माणसाच्या स्वयंपाकघराला अपरिचित नाही. मुंबईत शिवडी येथे १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढे डालडा या नावाने ते तूप घरोघरी पोचले. पातळ तेलाचे घट्ट तूप होते ते तेलाच्या रेणूत हायड्रोजन शिरल्यामुळे. नुसते तेल आणि हायड्रोजन एकत्र ठेवले तर वर्षानुवर्षे काही घडत नाही. त्यात निकेलची बारीक पूड मिसळून तापवले की काही तासांत तूप होते. निकेल खर्ची पडत नाही. ते गाळून पुन्हा वापरता येते. धातूंच्या बारीक पुडीचा हा गुण ज्यांनी पद्धतशीरपणे अभ्यासला, त्या पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. थळच्या खत कारखान्यात हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होतो, तोही लोखंडाच्या उत्प्रेरकावर.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उत्प्रेरक वाट सोपी करतो. तो ऊर्जा देत नाही. जी क्रिया निसर्गनियमांनी शक्यच नाही ती कोणताही उत्प्रेरक घडवू शकत नाही. पाण्यावर चालणारी मोटार, झाडपाल्यापासून पेट्रोल अशा बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून झळकतात. तामिळनाडूत १९९६ मध्ये अशाच एका 'वनौषधी पेट्रोल'ने मोठी खळबळ उडवून दिली होती. पुढे ती फसवणूक ठरली. असा प्रस्ताव हाती आला असता अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ऊर्जा येते कोठून? पाण्यातील हायड्रोजन मोकळा करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीही तो जाळून परत मिळत नाही. हायड्रोजन ही खाण नव्हे. ती ऊर्जेची पेटी आहे.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना डोबेरायनर हे नाव चांगले परिचयाचे आहे. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाच्या धड्यात त्यांची त्रिके येतात, आणि विद्यार्थी ती पाठ करून विसरून जातात. जर्मनीतील येना येथील याच प्राध्यापकांनी १८२३ मध्ये प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला असता तो आपोआप पेट घेतो हे दाखवले आणि त्यावरून एक दिवा तयार केला. आगकाडीच्या पूर्वीच्या त्या काळात हा दिवा खूप खपला. याच डोबेरायनरांनी साखर, गंधकाम्ल आणि मँगॅनीज डायऑक्साइड यांपासून फॉर्मिक आम्ल बनवताना एक थोडेसे तेलकट द्रव्य वेगळे केले व १८३२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते द्रव्य म्हणजे फर्फ्युराल. उत्प्रेरकावरील हायड्रोजन, साखरेपासून फॉर्मिक आम्ल आणि जैवभारापासून फर्फ्युराल, या तिन्ही गोष्टींना एकाच माणसाचे हात लागले होते. 'उत्प्रेरण' या कल्पनेला बर्झेलियस यांनी नाव दिले ते त्यानंतर, १८३५ च्या सुमारास. आज या क्षेत्रात जे चालले आहे त्यातील बराचसा भाग या जुन्या निरीक्षणांना कारखान्याच्या तराजूत बसवण्याचा आहे.

वनस्पतीच्या काडीत मुख्यतः तीन घटक असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिले दोन साखरेच्या रेणूंच्या साखळ्या होत, तिसरे त्यांना चिकटवून ठेवणारे लुकण. आम्लाच्या साह्याने साखळ्या तोडल्या की साखर मोकळी होते. पाच कार्बनांच्या साखरेपासून फर्फ्युराल मिळते. सहा कार्बनांच्या साखरेचे, म्हणजे ग्लुकोजचे, पुढे आम्लातच रूपांतर करत गेले असता शेवटी दोन आम्ले हाती येतात, एक लेव्ह्युलिनिक आणि दुसरे तेच डोबेरायनरांचे फॉर्मिक. हिशेब असा की १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ११६ ग्रॅम लेव्ह्युलिनिक आम्ल, ४६ ग्रॅम फॉर्मिक आम्ल आणि १८ ग्रॅम पाणी. प्रत्यक्षात एवढे कधीच मिळत नाही; बरीच साखर काळ्या, चिकट गाळात वाया जाते. पण हिशेब मनोवेधक आहे तो पुढे. लेव्ह्युलिनिक आम्लाच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचा एक रेणू दिला की त्यापासून गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन नावाचा स्थिर द्रव होतो; तो विद्रावक म्हणून, इंधनात मिसळण्यासाठी आणि पुढील रसायनांचा पाया म्हणून उपयोगी आहे. आणि फॉर्मिक आम्लाच्या प्रत्येक रेणूत, योग्य उत्प्रेरक लाभल्यास मोकळा होणारा, हायड्रोजनचा नेमका एकच रेणू असतो. साखरेच्या रेणूने आपल्या रूपांतराच्या या टप्प्यापुरता लागणारा हायड्रोजन जणू बरोबरच आणलेला असतो.

जगातील अनेक प्रयोगशाळा गेली काही वर्षे या शिदोरीच्या मागे आहेत. अडचण अशी की फॉर्मिक आम्ल दोन प्रकारे फुटते. एका वाटेने हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड मिळतो, दुसरीने पाणी व कार्बन मोनॉक्साइड. दुसरा वायू माणसाला जसा विषारी तसाच प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकालाही. कोणती वाट खुली ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे उत्प्रेरकाच्या निवडीवर ठरते.

आता आम्लाविषयी. साखळ्या तोडण्यास पातळ गंधकाम्ल स्वस्त आणि हुकमी. पण काम झाल्यावर ते मालातून काढावे लागते, व त्यासाठी चुना घातला की प्रत्येक किलो आम्लामागे पावणेदोन किलो जिप्समचा चिखल तयार होतो. हा चिखल, खाडीत जाणारे सांडपाणी, गंजलेली भांडी यांचा अनुभव रासायनिक पट्ट्याशेजारी राहणाऱ्यांना वेगळा सांगावा लागत नाही. द्रव आम्लाऐवजी घन आम्ल वापरले, म्हणजे वाळूच्या कणासारख्या पदार्थाच्या पृष्ठभागावरच आम्लाचा गुण बसवला, तर माल वरून ओतून घ्यावा व आम्ल तळाशी राहावे, असे साधे काम होते.

घन आम्लांच्या या कामात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते प्रा. गणपती दादासाहेब यादव कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्याचे. त्यांचा जन्म १९५२ चा. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० मध्ये पीएच.डी. संपादन केली. माटुंग्याचा हा विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. यूडीसीटी हे त्याचे जुने नाव आजही उद्योगात लोकांच्या तोंडी आहे. तोच २००८ मध्ये रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. प्रा. यादव २००९ पासून २०१९ पर्यंत त्याचे कुलगुरू होते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. ठाणे-बेलापूर, तळोजे, पाताळगंगा या पट्ट्यांतील कारखान्यांत यूडीसीटीचे पदवीधर पिढ्यानपिढ्या काम करत आले आहेत.

झिर्कोनियाला गंधकाच्या संयुगाची जोड दिली असता तीव्र घन आम्ल मिळते, हे जगाला माहीत होते. प्रश्न होता तो गंधक टिकवण्याचा. प्रा. यादव यांच्या गटाने बनवलेल्या उत्प्रेरकांच्या मालिकेला यूडीसीटीवरूनच यूडीकॅट असे नाव दिले गेले. तिच्यातील काही उत्प्रेरकांत नेहमीच्या गंधकयुक्त झिर्कोनियापेक्षा अधिक गंधक पृष्ठभागावर धरून ठेवण्यात यश आले. त्यांचा दुसरा मार्ग अधिक घरगुती वाटावा असा आहे. आम्लाने धुतलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांत टंगस्टन-फॉस्फरसचे एक बलवान आम्ल बसवायचे, आणि ते पाण्यात विरघळून जाऊ नये म्हणून छिद्रातच त्याचा सीझियमशी न विरघळणारा क्षार घडवायचा. मातीच्या आधाराचा हा उत्प्रेरक अनेक क्रियांत वापरून पाहिला गेला आहे. जैवइंधन बनवताना दर १०० किलो मालामागे सुमारे १० किलो ग्लिसरॉल उपउत्पादन म्हणून निघते; त्याचे, तसेच फर्फ्युराल व लेव्ह्युलिनिक आम्ल यांचे रूपांतर हाही या गटाच्या अभ्यासाचा विषय झाला. याच संस्थेने तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या ऊर्जा केंद्राच्या सहकार्याने तांबे आणि क्लोरीन यांच्या चक्राने पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याची पद्धतीही विकसित केली आहे. तीत सुमारे ५५० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता लागते, आणि तांबे व क्लोरीन फिरून फिरून वापरले जातात.

पाचट व पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचे काम याहून पुढे गेले आहे. तेथे साखळ्या तोडण्याचे काम विकरे करतात. विकर हाही एक सजीवाने बनवलेला उत्प्रेरकच. रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या जैवऊर्जा केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूर येथे रोज १० टन जैवभार वापरणारा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, आणि पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर पानिपत येथे इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला.

हायड्रोजन मिळाला, तरी तो ठेवायचा कोठे? एक किलो हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट उष्णता असते. पण हा एक किलो वायू नेहमीच्या हवेच्या दाबाखाली सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे लहानशा खोलीचा बराचसा भाग. त्याला द्रव करायचे तर शून्याखाली २५३ अंशांपर्यंत थंड करावे लागते. पोलादी नळकांड्यात दाबून भरला तर साठ किलोच्या आसपास वजनाच्या नळकांड्यात अर्धा-पाऊण किलो हायड्रोजन मावतो. वाहतूक हायड्रोजनची नव्हे, पोलादाचीच होते. काही धातू हायड्रोजन शोषून घेतात. त्यातही वजनाचा प्रश्न राहतोच. लँथॅनम-निकेलच्या मिश्रधातूत शंभर किलोमागे दीड किलोहून कमी हायड्रोजन बसतो. मॅग्नेशियममध्ये तो साडेसात किलोपर्यंत बसतो, परंतु परत काढण्यास ३०० अंशांच्या आसपास तापवावे लागते.

टोल्युइनची उपयुक्तता या ठिकाणी कळून येते. त्याचा एक रेणू हायड्रोजनचे तीन रेणू घेतो आणि मेथिलसायक्लोहेक्झेन नावाचा द्रव बनतो. या द्रवाच्या १०० किलोत सुमारे ६ किलो हायड्रोजन असतो. दहा हजार लिटरच्या साध्या टँकरमध्ये साधारण ४७० किलो हायड्रोजन जातो. तेवढ्यासाठी सातशे-आठशे नळकांडी लागली असती. द्रव ज्वालाग्राही आहे, पण पेट्रोलपंपाला ज्या खबरदाऱ्या लागतात त्याच जातीच्या खबरदाऱ्या येथे पुरतात. मुक्कामी हायड्रोजन काढून घेतला की टोल्युइन उरते, ते परत न्यावे आणि पुन्हा भरावे. ब्रुनेईत हायड्रोजन भरलेला हा द्रव जहाजाने जपानमधील कावासाकीस नेऊन तेथे हायड्रोजन मोकळा करण्याचा प्रयोग जपानी कंपन्यांनी २०२० मध्ये यशस्वी करून दाखवला.

भरणे सोपे, काढणे अवघड. काढताना द्रव तीनशे-साडेतीनशे अंशांवर तापवून प्लॅटिनमवरून न्यावा लागतो, आणि या कामी लागणारी उष्णता निघणाऱ्या हायड्रोजनच्या उष्मांकाच्या चतुर्थांशाहून अधिक असते. हा भुर्दंड कोणताही उत्प्रेरक माफ करू शकत नाही. फक्त क्रिया वेगाने, कमी प्लॅटिनममध्ये व अवांतर घाण न होता घडवू शकतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे नीरीत, डॉ. राजेश बिनीवाले यांनी या प्रश्नावर काम केले. जपानमधील प्रा. मासारू इचिकावा यांच्या समवेत त्यांनी जी पद्धत अभ्यासली ती समजण्यास सोपी आहे. उत्प्रेरक द्रवात बुडवून ठेवला तर त्याचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूवरच अडकते. त्याऐवजी तापलेल्या उत्प्रेरकावर द्रवाचा फवारा थांबून थांबून मारायचा. पृष्ठभाग क्षणभर ओला होतो, क्रिया घडते, तयार झालेला पदार्थ उडून जातो, पृष्ठभाग कोरडा होऊन पुन्हा तापतो, मग पुढचा फवारा. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून तवा तयार झाला की नाही हे पाहणाऱ्या गृहिणीस यात नवीन काही वाटणार नाही. त्यांचे दुसरे लक्ष होते ते प्लॅटिनम कमी करण्याकडे. सक्रिय कोळशावर किंवा कोळशाच्या कापडावर निकेल, किंवा चांदीबरोबर अगदी थोडे प्लॅटिनम बसवून किती हायड्रोजन सुटतो, याची मोजमापे या गटाने प्रसिद्ध केली. प्लॅटिनम आयात करावे लागणाऱ्या देशात हे मोजमाप केवळ शास्त्रीय कुतूहलाचे नाही.

मग हे सारे कारखान्यात का दिसत नाही? प्रयोगशाळेत शुद्ध ग्लुकोज वापरतात, शुद्ध टोल्युइन वापरतात आणि प्रयोग काही तास किंवा काही दिवस चालतो. कारखाना वर्षाला आठ हजार तासांच्या आसपास चालवावा लागतो, आणि त्याला मिळते ती शेतातून आलेली, माती लागलेली काडी. काडीच्या राखेत पोटॅश असते. ते आम्लाच्या जागा निष्प्रभ करते. क्लोरीन धातूंना खाते. गंधकाच्या अंशाने निकेल व प्लॅटिनम आंधळे होतात. गरम पाण्यात उत्प्रेरकाचा आधारच हळूहळू विरघळतो. वर कोळशाचा थर बसतो तो वेगळाच. शोधनिबंधात बहुधा उत्पादनाचा टक्का ठळकपणे दिलेला असतो. उत्प्रेरक किती तास टिकला, हा आकडा शोधून काढावा लागतो. प्रकल्पाची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याने तो आकडा आधी पाहिलेला बरा. साखर कारखान्यापुरते बोलायचे तर उत्प्रेरक निदान एक गळीत हंगाम तरी टिकला पाहिजे.

हे अशक्य कोटीतले मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला एन्सिलाइट हा झिओलाइट जातीचा उत्प्रेरक ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात झायलीनच्या उत्पादनासाठी वापरात आला. ती क्रिया खनिज तेलापासून आलेल्या शुद्ध मालावर चालणारी होती, हे खरे. पण भारतीय प्रयोगशाळेतील उत्प्रेरक भारतीय कारखान्याच्या भट्टीत टिकतो, हे तिने दाखवून दिले.

राखेच्या बाबतीत सगळी काडी सारखी नसते. उसाचे चिपाड चरकातून जाताना त्यावर पाणी फवारले जाते, आणि त्यातील बरेचसे पोटॅश रसाबरोबर निघून जाऊन शेवटी मळीत उतरते. मळीपासून दारूभट्टीत येणाऱ्या सांडपाण्यात पोटॅश एवढे असते ते यामुळेच. म्हणून उत्प्रेरकाच्या दृष्टीने चिपाड हा धुतलेला माल आहे, शिवाय तो कारखान्याच्या आवारातच पडलेला असतो. मात्र त्यावर आज बाष्पक आणि सहवीजनिर्मिती चालते, तेव्हा तो फुकटचा माल समजणे ही हिशेबातील चूक ठरेल. पऱ्हाटी, तुराट्या आणि पेंढा यांची गोष्ट वेगळी. विदर्भात व खानदेशात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून काही सरपणाला जाते, उरलेली बांधावर जाळतात. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून लाकडासारखे तक्ते बनवण्याचे तंत्र दिले. तेव्हा तिला रसायनाच्या कारखान्याबाहेरही मागणी असू शकते.

पानिपतच्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा लागेल असे जाहीर झाले होते. म्हणजे रोज साडेपाचशे टन, तोही भात कापणीच्या थोड्याच आठवड्यांत गोळा करून वर्षभर कोरडा ठेवलेला. तो बांधायचा कोणी, रचायचा कोठे, पावसापासून आणि आगीपासून राखायचा कसा, शेतकऱ्याला दर काय व पैसे कधी, हे प्रश्न ग्रामपंचायत, सहकारी संस्था आणि तालुका कार्यालय यांच्या पातळीवरचे आहेत. गावात ढिगासाठी गायरानाची जागा मागितली जाईल. गायरानाला आधीच किती धनी असतात हे सरपंचांना चांगले ठाऊक आहे. शिवाय सगळा काडीकचरा उचलून नेणे शहाणपणाचे नाही. उसाचे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते व जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. सोयाबीनचे कुटार, ज्वारीचा कडबा ही गुरांची वैरण आहे. कोकणात तर पाला, शेण आणि फांद्या राबासाठी आधीच ठरलेल्या असतात. कोणत्या गावातून काय उचलता येईल आणि काय मुळीच उचलू नये, याचा तक्ता गावातच तयार झाला पाहिजे.

राज्यकारभाराच्या बाजूने हालचाल झालेली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे त्याचे लक्ष्य आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने त्याच वर्षी जुलै महिन्यात राज्याच्या हरित हायड्रोजन धोरणास मान्यता दिली. या योजनांतील बराचसा भर सौर व पवन विजेने पाण्याचे विघटन करण्यावर आहे, आणि तो योग्यही आहे. मात्र वीज नाही तेथे काडी आहे, आणि काडी नाही तेथे टँकर जातो, ही गोष्ट योजनाकारांच्या नजरेतून सुटू नये.

राहता राहिला वापरून संपलेला उत्प्रेरक. निकेल, प्लॅटिनम, टंगस्टन यांनी भरलेली ती राखी पूड कचराकुंडीत टाकण्याची वस्तू नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरून निकामी झालेल्या उत्प्रेरकांचा समावेश आहे. किमती धातू असतील तर परवानाधारक कारखान्यातून ते परत मिळवता येतात, आणि प्लॅटिनमच्या बाबतीत तर संपूर्ण प्रकल्पाचा जमाखर्च त्या परताव्यावर अवलंबून राहू शकतो. ज्यातून काही परत मिळण्यासारखे नाही तो भाग घातक कचऱ्याच्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे जातो. मुंबई-ठाणे-रायगड परिसरासाठी असे केंद्र येथून जवळच, तळोजे येथे आहे. जैवभाराच्या एखाद्या प्रकल्पाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेपुढे किंवा ग्रामसभेपुढे आला, तर त्यात उत्प्रेरक किती किलो लागेल, तो किती महिन्यांनी बदलावा लागेल आणि निकामी झालेला माल कोणत्या गाडीतून, कोणाच्या सहीने कोठे जाईल, हे तीन रकाने भरलेले आहेत की कोरे, ते पाहूनच त्यावर ठराव करावा.